नेमके किती फेरे? सुतारकामाच्या यंत्रांच्या गतीच्या नोंदी

५ जानेवारी

दोन दारांचे कपाट करायला घेतले आहे. दारांना उठावाचे पॅनेल, खाली कातलेले चार पाय, आतून कप बिजागऱ्या. यात टेबल सॉ, रंधा मशीन, राऊटर (वेगाने फिरणाऱ्या बिटने खाचा आणि कडा कोरणारे यंत्र), बेंच ड्रिल आणि लेथ (लाकूड फिरवून कातायचे यंत्र) ही सगळी यंत्रे लागतील. त्यामुळे या कामाबरोबरच एक जुना प्रश्न हाती घेतो: लाकूडकामाच्या यंत्राची गती अगदी नेमकी असावी लागते का?

प्रश्न पुतण्याने पुन्हा काढला. बिजागरीचे सपाट तळाचे रुंद भोक पाडणाऱ्या ३५ मिमी फोर्स्टनर बिटच्या पाकिटावर मिनिटाला ७०० फेरे लिहिले आहेत. बेंच ड्रिलच्या झाकणाच्या आत पाच गती छापल्या आहेत: ५२०, ९००, १३८०, १९८०, २६२०. "काका, ७०० तर यात नाहीच. मग हे बिट आपल्या मशीनला चालायचं नाही का?" त्याला नुसते "चालतं रे" म्हणून गप्प बसवणे मला पटत नाही. कारण सांगता आले पाहिजे, आणि ते लाकडावर दाखवता आले पाहिजे.

माझा आजचा अंदाज लिहून ठेवतो. नेमक्या आकड्याला फारसे महत्त्व नसावे, गतीच्या टप्प्याला असावे आणि वरच्या मर्यादेला सगळ्यात जास्त. कपाट उभे राहीपर्यंत एकेक यंत्र तपासत जायचे.

८ जानेवारी

आधी मोजणी. प्रकाशकिरणाचा टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारे उपकरण, वापरला. फिरत्या भागावर चमकत्या टेपचा एक छोटा तुकडा चिकटवायचा आणि किरण त्यावर धरायचा. चक (बिट धरणारा भाग) चकचकीत असेल तर टेपखेरीज इतर जागाही किरण परतवतात आणि आकडा दुप्पट-तिप्पट येतो. म्हणून चकवर आधी काळी टेप गुंडाळली आणि तिच्यावर चमकता तुकडा लावला.

बेंच ड्रिलच्या मोटरवर १४०० छापले आहे. रिकामी फिरताना ती १४९० च्या आसपास होती. हे तसेच यायला हवे. ही इंडक्शन मोटर आहे, ४ पोलची, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांची. वीज ५० हर्ट्झची असली की मोटरमधले चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि रोटर त्याच्या किंचित मागे राहतो. बोजा नसला तर अगदी थोडा मागे, बोजा पडला की आणखी मागे. छापलेले १४०० म्हणजे पूर्ण बोजाखालचा आकडा. म्हणजे एकाच मोटरच्या रिकाम्या आणि भरल्या गतीत सहा टक्के फरक जागच्या जागी आहे. त्यावर बेल्ट थोडा घसरतो, तो निराळा.

आणखी एक गोष्ट. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे हीच ४ पोलची मोटर १८०० च्या आसपास फिरते, थेट २० टक्के जास्त. काही मशीनच्या झाकणात म्हणूनच ५० आणि ६० हर्ट्झचे दोन रकाने छापलेले असतात. त्याच कप्प्या, तोच बेल्ट, गती मात्र वेगळी. दोन्हीकडचे सुतार तीच बिटे लावून तशीच स्वच्छ भोके पाडतात. पुतण्याला हे सांगितल्यावर तो बराच वेळ त्या झाकणाकडे बघत राहिला.

राऊटर आणि हातातल्या इतर यंत्रांची गोष्ट निराळी. त्यांत कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते. ती विजेच्या हर्ट्झला बांधलेली नसते. बोजा आला की चांगलीच मंदावते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असेल तर ते गती सावरून धरते. आमच्या राऊटरमध्ये ते आहे. डायलवर १ ते ६ लिहिलेय, फेरे कुठेच नाहीत. मोजले तर १ वर साधारण १०,००० आणि ६ वर २४,००० च्या थोडे खाली. जुन्या जिगसॉमध्ये असे नियंत्रण नाही. जाड लाकडात शिरले की त्याचा सूर जो खाली येतो तो कानालाच कळतो, टॅकोमीटर लागत नाही.

मोजताना एक सूचना भिंतीवर लावली. काही ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण ३००० फेऱ्यांच्या आसपास फिरणारा चक त्या उजेडात थांबल्यासारखा किंवा हळूहळू उलटा फिरल्यासारखा दिसू शकतो. यंत्र थांबले आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवायचे नाही.

१२ जानेवारी

आज लाकूड न कापता फक्त आकडेमोड केली.

लाकडाला फेरे कळत नाहीत. लाकडाशी गाठ पडते ती धारेची, आणि धार किती वेगाने येते हे फेरे आणि व्यास या दोघांवर ठरते. व्यास मीटरमध्ये घ्या, ३.१४ ने गुणा, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ६० ने भागा. आला कडेचा वेग, मीटर दर सेकंदाला.

१२ मिमीचे सरळ बिट २४,००० फेऱ्यांवर: १५ मीटर. त्याच डायलवर दारांचा उठाव कोरणारे ८० मिमीचे पॅनेल बिट लावले तर: १०० मीटर. डायल तोच आणि कडेचा वेग जवळजवळ सातपट. डायलच्या एका खुणेची चिंता करत बसणाऱ्या माणसाने बिट बदलताना डायलला हातच लावला नाही, तर त्याचे सगळे लक्ष चुकीच्या जागी आहे.

बिट बनवणारे जे तक्ते देतात ते समोर ठेवले. थोड्याफार फरकाने सगळे असेच म्हणतात: २५ मिमीपर्यंत २४,०००, ५० पर्यंत १८,०००, ६५ पर्यंत १६,०००, आणि ९० मिमीपर्यंत १२,००० किंवा त्याहून कमी. प्रत्येकाचा कडेचा वेग काढला. अनुक्रमे ३१, ४७, ५४ आणि ५६ मीटर.

इथे मला स्वतःला नवे काही दिसले. हे आकडे "उत्तम कापणीचा वेग" सांगत असते तर चारही ठिकाणी वेग एकच यायला हवा होता. तो येत नाही. ३१ आणि ५६ यांत पावणेदोन पटींहून जास्त फरक आहे. म्हणजे हा तक्ता कापणीचा नेमका वेग सांगतच नाही. तो सांगतो की मोठ्या बिटची कड साधारण ५५-६० मीटरच्या वर जाऊ देऊ नका. हा आकडा छत आहे, आणि लोक त्याला निशाण समजून त्यावर नेम धरायला बघतात. ६ मिमीच्या बिटचा वेग तर २४,००० वरही जेमतेम साडेसात मीटर येतो. तेही कापतेच, आणि चांगले कापते.

१७ जानेवारी

दारांच्या चौकटीला खाच मारायची होती. त्याआधी टाकाऊ तुकड्यांवर चाचण्या. मुद्दाम मेपल घेतले, कारण ते लवकर करपते आणि दोष लपवत नाही. बिट १२ मिमी, दोन धारांचे, कार्बाइडचे, नव्या धारेचे.

पहिल्यांदा हात जमेल तितका एकसारखा ठेवून डायल बदलत गेलो. मग डायल एका जागी ठेवून सरकवण्याचा वेग बदलला. डायल ४ आणि ५ च्या खाचा शेजारी ठेवल्या, तर कोणती कुठली हे पुतण्याला सांगता आले नाही आणि उलटून ठेवल्यावर मलाही नाही. सरकवण्याचा वेग निम्मा केला तेव्हा मात्र खाचेच्या भिंतीवर तपकिरी पट्टा उठला. जिथे क्षणभर थांबलो तिथे काळा डाग. तो डाग ३ वर आला, ४ वर आला, ५ वर आला. थांबलो की आलाच.

यामागचे गणित मांडतो, कारण सगळ्या प्रकल्पाचा गाभा इथे आहे. १८,००० फेरे, दोन धारा: मिनिटाला ३६,००० घाव. लाकूड मिनिटाला ३ मीटर सरकले तर प्रत्येक घावाच्या वाट्याला ०.०८३ मिमी जाडीची ढलपी येते. गती १० टक्के वाढवली तर तीच ०.०७६ होते. नुसत्या डोळ्यांनी, बोटांनी, कशानेच हा फरक कळणार नाही. पण हात मंदावून दीड मीटरवर आला की ढलपी ०.०४२, म्हणजे सरळ निम्मी. आणि हात थांबला की शून्य. शून्य जाडीच्या ढलपीचा अर्थ धार आता कापत नाही, घासते. कापताना तयार होणारी उष्णता बरीचशी ढलपीबरोबर बाहेर पडते. घासताना ती लाकडात आणि धारेत मुरते. करपण्याचे कारण हे. लोक "स्पीड जास्त झाली" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हात हळू चाललेला असतो.

म्हणजे महत्त्वाचे आहे ते गती आणि सरकवणे यांचे प्रमाण. त्यातली एक बाजू यंत्राची, ती पाच-दहा टक्क्यांत स्थिर आहे. दुसरी बाजू माणसाच्या हाताची. हाताने सरकवताना वेग दहा टक्क्यांच्या आत राखणारा माणूस मी पाहिलेला नाही. गाठ आली की हात मंदावतो, कोपरा आला की मंदावतो, उभे राहण्याची जागा बदलताना थांबतो. अपूर्णांकाची एक बाजू एवढी डोलत असताना दुसरी बाजू शेवटच्या आकड्यापर्यंत नेमकी करून हाती काय लागणार?

संगणकावर चालणाऱ्या सीएनसी राऊटरला हा तर्क तसाच लावू नये. तिथे सरकवण्याचा वेगही यंत्रच ठेवते, म्हणून दोन्ही आकडे लिहून देण्यात अर्थ आहे. तरी तिथलेही जाणते लोक तक्त्यातल्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि ढलपी व आवाज पाहून तो वरखाली करतात.

१८ जानेवारी

कालचेच टेबल सॉवर. २५० मिमीचे पाते, ४००० फेरे, कडेचा वेग ५२ मीटर. या सॉला गती बदलायची सोयच नाही, एकच आहे. तरी सागाची फळी उभी चिरताना ६० दातांच्या पात्याने दोन्ही कडा करपल्या आणि २४ दातांचे पाते लावल्यावर स्वच्छ निघाल्या. मिनिटाला ४ मीटर धरले तर २४ दातांत दातामागे ०.०४२ मिमी, ६० दातांत ०.०१७. पाते बदलल्याने ढलपी अडीचपट झाली. गतीच्या दहा टक्क्यांनी एवढे कधीच होणार नाही. शिवाय कमी दातांच्या पात्यात दातांमधली पोकळी मोठी असते, भुसा तिथे मावतो आणि बाहेर पडतो.

आडवे कापताना मात्र पुन्हा ६० दातांचेच. तंतू तुटून उचकटू नयेत म्हणून तिथे बारीक घाव लागतात.

२२ जानेवारी

रंधा मशीन. थोडक्यात. कटर ५००० फेरे, त्यात ३ पाती, फळी मिनिटाला ६ मीटर आपोआप सरकते. घाव मिनिटाला १५,०००, म्हणजे दर ०.४ मिमीला एक खूण. बेल्ट सैल होऊन गती ५ टक्के उतरली तर ०.४२. बोटाला कळणार नाही.

पण तिन्हींपैकी एक पाते केसभर वर राहिले असेल तर शेवटची खूण त्या एकट्याचीच उमटते, आणि अंतर होते १.२ मिमी. तिरप्या उजेडात लाटा दिसायला लागतात. सकाळचा सगळा वेळ पाती एका उंचीला बसवण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला. गती मोजायला इथे टॅकोमीटर काढलाही नाही.

२५ जानेवारी

ज्या बिटवरून सुरुवात झाली ते आज लावले. पाकिटावर ७०० फेरे, आमच्याकडे ५२० आणि ९००. दोन्हीवर पाडले. भिंत स्वच्छ, तळ स्वच्छ, कडेला काळेपणा नाही. पुतण्याने भोके डोळे मिटून बोटाने तपासली, फरक सापडला नाही. ९०० वर काम थोडे लवकर होते एवढेच. मग टाकाऊ तुकड्यात २६२० वर पाडून दाखवले: अर्ध्या मिनिटात धूर, भिंत काळी आणि बिटची कड इतकी तापली की हात लावता येईना. साध्या पोलादाचे बिट अशा एका भोकातच कायमचे बिघडू शकते. कडेचे पोलाद निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला, मग ती धार टिकत नाही.

आकडे पाहिले तर ५२० वर कडेचा वेग ०.९५ मीटर, ९०० वर १.६५, २६२० वर ४.८. पहिल्या दोघांतही पावणेदोन पट अंतर आहे आणि तरी चालते. त्यानंतर कुठेतरी ते बिघडते. हा टप्पा रुंद आहे, पण त्याला शेवट आहे. मशीन बनवणाऱ्याने पाचच गती दिल्या आहेत, एकीहून दुसरी साधारण दीडपट. सहावी-सातवी देण्याची गरज त्यालाही वाटली नाही.

यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी. फिरत्या बिटच्या मध्यबिंदूचा वेग शून्य असतो आणि कडेचा सर्वात जास्त. म्हणजे एकाच भोकात, एकाच क्षणी, लाकूड शून्यापासून कडेपर्यंतच्या सगळ्या वेगांनी कापले जात असते. यातला "नेमका" वेग कोणता म्हणायचा? गोल सँडिंग डिस्कचेही तेच. लेथवर ताटली कातताना पटाशी कडेकडून मध्याकडे जाते, फेरे तेवढेच राहतात आणि वेग मात्र पावलोपावली कमी होत जातो.

बिट वर उचलून भुसा मोकळा करत राहणे, हे मात्र गतीइतकेच महत्त्वाचे. भोकात अडकलेला भुसा घासून घासूनच तापतो.

३० जानेवारी

कपाटाचे पाय. लेथवर माझे मत थोडे बदलले, म्हणून ही नोंद लांबणार.

लाकूड कातणाऱ्यांमध्ये एक जुना आडाखा आहे: व्यास इंचांत घेऊन फेऱ्यांनी गुणला की ६००० ते ९००० यावे. २ इंची पायाला ३००० ते ४५०० फेरे, १२ इंची थाळ्याला ५०० ते ७५०. वरचा आकडा खालच्याच्या दीडपट. आडाखाच इतका सैल आहे, आणि तो पिढ्यान्पिढ्या टिकला आहे. तोही गोल आणि तोल साधलेल्या लाकडासाठी. चौकोनी दांडा गोल करताना पहिल्यांदा याच्या निम्म्यानेच सुरुवात करायची.

नेमकेपणाचा प्रश्न इथे वेगळ्या बाजूने येतो. एका पायात बाजूला गाठ होती, त्यामुळे ती बाजू जड. एका विशिष्ट गतीला सगळा लेथ थरथरायला लागला आणि कातलेल्या पृष्ठभागावर तिरप्या खुणा उठल्या. गती थोडी वाढवली, थरथर गेली. पुन्हा आधीच्या गतीला आणले, पुन्हा आली. त्या गतीला लाकूड आणि लेथचा सांगाडा एकमेकांच्या सुरात येऊन डोलतात. इथे पाच-दहा टक्क्यांनी खरोखर फरक पडतो! पण तो आकडा कुठल्याही तक्त्यात छापता येणार नाही. लाकूड बदलले, टेकू सरकवला, लेथखाली वाळूची पोती ठेवली, किंवा कातता कातता पाय बारीक झाला की ती गतीही बदलते. ती फक्त हात यंत्रावर ठेवून, आवाज ऐकून सापडते. म्हणून लेथला गती थोडीथोडी बदलता येणे उपयोगाचे, गती आकड्याने माहीत असणे तितके नाही.

आणि जडपणाचा जोर गतीच्या वर्गाने वाढतो, हे पुतण्याकडून वहीत लिहून घेतले. मध्यापासून १५० मिमीवर १०० ग्रॅम जास्तीचे वजन धरा. ५०० फेऱ्यांवर ते साधारण ४ किलोच्या ओढीने लेथ हलवते. १००० वर १७ किलो. १५०० वर जवळपास ३८. गती तिप्पट, ओढ नऊपट. मोठे, ओबडधोबड लाकूड चढवले की बेल्ट सर्वात मंद जागी आहे हे पाहूनच बटण दाबायचे, तोंडावर पूर्ण ढाल घ्यायची आणि लाकूड ज्या रेषेत उडू शकते तिथून बाजूला उभे राहायचे. हे माझ्याकडे रोज पाळले जाते आणि त्यात सूट नाही.

३ फेब्रुवारी

पॅनेल बिट. दांड्यावर कमाल १२,००० कोरलेले आहे. डायल १ वर, म्हणजे १०,००० च्या आसपास, कडेचा वेग ४२ मीटर. तीन पायऱ्यांत खोली वाढवत नेली. उठाव स्वच्छ आला.

आजचा बाकी वेळ मर्यादांवर. नेमक्या गतीबद्दल मी इतके दिवस जे सैलपणाने लिहिले ते इथे लागू नाही. पात्यावर, बिटवर, घासण्याच्या चकतीवर छापलेली कमाल गती ओलांडायची नाही. एक टक्क्यानेही नाही. फिरत्या वस्तूच्या आत पडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. १० टक्के जास्त गती म्हणजे २१ टक्के जास्त ताण. अँगल ग्राइंडरच्या १२५ मिमी चकतीवर ८० मीटर आणि १२,२०० फेरे असे दोन्ही छापलेले असतात. हिशेब करून पाहा, ते एकच आहेत. २३० मिमीच्या चकतीवर ६,६५० असते. मोठी चकती लहान ग्राइंडरवर, गार्ड काढून, बसवणारे लोक असतात. तसे करू नका. चकती फुटते तेव्हा तुकडे गोळीसारखे सुटतात आणि माणसाला हलायला वेळ मिळत नाही.

अँगल ग्राइंडरवर सॉचे दातेरी पाते लावणेही तसेच. पात्यावरची कमाल गती ग्राइंडरच्या गतीहून कमी असू शकते, आणि ती जास्त असली तरी त्या यंत्राला ना फाळ (चीर मिटू न देणारी पात्यामागची पट्टी) असतो ना लाकूड धरून ठेवणारा पाट. दात अडकला की यंत्र हातातून उसळते.

छताच्या खाली मात्र मोकळी जागा आहे. १२,००० चे बिट १०,००० वर चालवले म्हणून कोणी दंड करत नाही. हात थोडा सावकाश ठेवायचा.

७ फेब्रुवारी

धार लावण्याचा दिवस. २८५० फेऱ्यांचा ग्राइंडर आणि १४२५ चा मंद ग्राइंडर, दोन्हींचे चाक १५० मिमी. कडेचा वेग २२ मीटर आणि ११ मीटर. साध्या कार्बन पोलादाच्या पटाशीला मंद ग्राइंडर सोपा, हे खरे. पण वेगवान ग्राइंडरवर चाक नुकतेच ड्रेस करून (वरचा गुळगुळीत थर खरवडून) मोकळे केलेले असेल, दाब हलका असेल आणि धार वारंवार पाण्यात बुडवली असेल, तर तिथेही पोलादाचा रंग बदलत नाही. उलट मंद ग्राइंडरवर गुळगुळीत झालेल्या चाकावर दाबून धरले तर पटाशीचे टोक निळे पडते. मी दोन्ही करून दाखवले, निळी पडलेली पटाशी मुद्दाम जुनी घेतली होती. फिकट पिवळा रंग २०० अंशांच्या थोडा वर येतो, निळा ३०० च्या सुमारास. हायस्पीड स्टीलची कातण्याची हत्यारे याहून खूप जास्त उष्णता सोसतात, त्यांना ही धास्ती नाही.

बँडसॉबद्दल एक ओळ: लाकडासाठी तो मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास चालतो, साध्या पोलादासाठी शंभराच्या आत लागतो. असा दसपटीचा फरक असेल तिथे गती महत्त्वाचीच. लाकडाच्या बँडसॉवर लोखंड चिरायला कोणी आणले तर नाही म्हणावे.

१२ फेब्रुवारी

कपाटाचे शेवटचे कापकाम अंगणात केले. लांब आणि बारीक वायरवर सर्क्युलर सॉ चालवला तर सूर लगेच खाली आला. वायरमध्ये विजेचा दाब घटतो, मोटरला कमी व्होल्ट मिळतात. जाड वायर आणली आणि सूर पूर्ववत झाला.

गती किती आहे यापेक्षा ती बोजाखाली किती उतरते, हे मला आता जास्त मोलाचे वाटते. इंडक्शन मोटर थोडी मागे पडणे ठीक. ती सूर सोडून घरघरायला लागली तर ओढला जाणारा करंट खूप वाढलेला असतो आणि वेटोळी तापत असतात. अशा वेळी आकडा शोधत बसू नये. हात मागे घ्यावा, मग कारण पाहावे: धार बोथट आहे, फळी फाळाशी वाकडी लागतेय, चीर मिटून पात्याला आवळतेय, बेल्ट सैल आहे की वायर बारीक. ही पाचही कारणे मी पुतण्याला यंत्र बंद ठेवून एकेक करून दाखवली.

१६ फेब्रुवारी

दारे बसली. बिजागऱ्यांची भोके चोख आहेत.

भिंतीवरचा तक्ता लिहिला. नेमके फेरे कुठेच लिहिले नाहीत. राऊटरसमोर बिटच्या व्यासाप्रमाणे डायल जास्तीत जास्त कितीपर्यंत न्यायचा ते लिहिले. बेंच ड्रिलला बिटच्या मापाप्रमाणे झाकणातल्या कुठल्या दोन गती लावायच्या ते: २५ मिमीच्या वरच्या फोर्स्टनरला सर्वात मंद दोन, लहान ट्विस्ट ड्रिलला सर्वात वेगवान दोन. कमाल गतीचे आकडे मात्र लाल शाईत, पूर्ण.

१९ फेब्रुवारी

लेथला फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह (विजेचे हर्ट्झ बदलून मोटरची गती बदलणारे उपकरण) लावण्याचा विचार ३० जानेवारीपासून डोक्यात होता. थरथरीची गती टाळायला तो उत्तम. त्यासाठी तीन फेजची मोटर लागेल, सध्याची एक फेजची चालणार नाही. शिवाय ड्राइव्हने खूप मंद केले की मोटरच्या मागचा पंखाही मंद होतो आणि मोटर तापते. जोरही बेल्टने मिळतो तेवढा मिळत नाही, कारण लहान कप्पीवरून मोठ्या कप्पीवर आलो की गती घटते तसा पीळ वाढतो आणि ड्राइव्हमध्ये तो वाढत नाही. म्हणून कप्प्या काढायच्या नाहीत. ढोबळ टप्पा बेल्टने बदलायचा, आणि त्या टप्प्याच्या आत ३० ते ६० हर्ट्झमध्ये नॉबने वरखाली करायचे. नॉबशेजारी फेऱ्यांचा डिस्प्ले घ्यायचा का, असे पुतण्या विचारतोय. घेऊ, पण तो कमाल गतीवर लक्ष ठेवायला. मोटरच्या बैठकीची भोके जुन्या मोटरशी जुळतात का ते उद्या मोजायचे आहे.